श्येनचिकित्सा आणि पांजरपोळ

(१)

अजिंठ्याच्या १ क्रमांकाच्या लेण्यांत शिबि राजाची कथा चितारलेली आहे. शरण आलेलें कबुतर, त्याच्या मागें लागलेला ससाणा, आणि कबुतराच्या भारंभार आपलें मांस तोलून देणारा राजा, ही कथा आमच्या वाचकांस नव्यानें सांगावयास नको. महाभारताच्या वनपर्वांत ती उशीनराच्या नांवानेंही आली आहे. तेथें ससाण्याच्या मुखीं जो युक्तिवाद घातला आहे तो विशेष लक्षांत घेण्यासारखा आहे. ससाणा राजास विचारतो कीं, कबुतर हें माझें विधिनिर्मित अन्न; तें तूं हिरावून घेतलेंस तर मी मरेन, आणि माझ्यामागें माझें कुटुंबही मरेल; एकास तारून अनेकांस मारणारा हा धर्म कोणता? राजानें अखेर या प्रश्नाचें उत्तर शब्दांनीं न देतां तराजूनें दिलें.

मांसाहारी पक्ष्यावर दया करणें ही अंगणांत धान्य टाकण्याइतकी सोपी गोष्ट नव्हे, हें त्या प्राचीन कथाकारास पुरतें ठाऊक होतें. प्रस्तुत लेखाचा विषय हाच आहे. ससाणा, शिक्रा, घार, गरुड, घुबड, गिधाड या जातीचा पक्षी जायबंदी होऊन भुईवर पडला तर त्याचें काय करावें, याचें ज्ञान आपल्या देशांत कोणास होतें, आणि तें कोणाच्या उपयोगीं पडलें, याचा शोध आम्ही उपलब्ध ग्रंथांच्या व प्रवासवृत्तांच्या आधारें घेण्याचें योजिलें आहे. आमचें प्रमेय थोडक्यांत असें कीं, विद्या होती ती राजांच्या शिकारखान्यांत, आणि दया होती ती महाजनांच्या पांजरपोळांत. कित्येक शतकें या दोहोंची गांठ पडली नाहीं. ती अलीकडे कोठें पडूं लागली आहे, आणि त्या कामीं जुन्या पोथ्यांचा संग्रह करणारांसही कांहीं कर्तव्य आहे.

(२)

संस्कृतांत पशुवैद्यकाचें वाङ्मय थोडें नाहीं. पालकाप्याचा हस्त्यायुर्वेद पुण्याच्या आनंदाश्रमानें १८९४ सालीं छापून प्रसिद्ध केला. अश्ववैद्यकावर जयदत्ताचा ग्रंथ आहे. हत्ती व घोडा हीं सैन्याचीं अंगें असल्यामुळें त्यांच्या वैद्यांस मानही मोठा होता. श्येनाच्या वांट्यास मात्र स्वतंत्र ग्रंथ फार थोडे आले. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर यानें शके १०५१, म्हणजे इ. स. ११२९ च्या सुमारास रचिलेल्या मानसोल्लासांत विनोदविंशतीमध्यें श्येनविनोदाचें प्रकरण आहे. बडोद्याच्या गायकवाड प्राच्यमालेंत श्रीगोंदेकर यांनीं संपादिलेल्या या ग्रंथाचा पहिला भाग १९२५ सालीं व दुसरा १९३९ सालीं निघाला. दक्षिणेंतील राजदरबारीं ससाण्याची शिकार बाराव्या शतकांतच शास्त्रपदवीस पोंचली होती, एवढें त्यावरून निर्विवाद ठरतें.

याहून सविस्तर ग्रंथ म्हणजे श्यैनिकशास्त्र. त्याचा कर्ता कूर्माचलाचा, म्हणजे कुमाऊंचा, राजा रुद्रदेव हा अकबर बादशहाचा समकालीन होता. महामहोपाध्याय हरप्रसाद शास्त्री यांनीं १९१० सालीं कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीतर्फें तो इंग्रजी भाषांतरासह प्रसिद्ध केला. ग्रंथाचे सात परिच्छेद असून पांचवा पक्ष्यांची निगा व चिकित्सा यांस वाहिलेला आहे. व्यसन म्हणून निंदिलेल्या मृगयेचें समर्थन, पक्ष्यांच्या जाती, त्यांस वळण लावण्याची रीत, उन्हाळ्यांतील ठेवण, रोग व त्यांवरील मात्रा, असा त्याचा विस्तार आहे.

या ग्रंथांतील एका गोष्टीकडे संशोधकांचें लक्ष वेधावेंसें आम्हांस वाटतें. रुद्रदेव शिकारी पक्ष्यांचे कृष्णाक्ष आणि पाटलाक्ष असे दोन वर्ग करतो. हिंदुस्थानांतील फारसी परिभाषा वापरणारे बाजदार हेच दोन वर्ग स्याहचश्म व गुलाबचश्म या नांवांनीं ओळखत. पाटल म्हणजे गुलाबी. तेव्हां शब्दास शब्द जुळतो. बाज या नांवाचेंही वाज असें संस्कृत रूप ग्रंथांत आढळतें. यावरून आमचें अनुमान असें कीं, ग्रंथाची भाषा जरी संस्कृत, तरी त्यांतील विद्या हिंदू व मुसलमान बाजदारांच्या एकत्र वहिवाटीची आहे. हें वर्गीकरण केवळ दिखाऊही नव्हे. काळ्या डोळ्यांचे बहिरी ससाण्यासारखे पक्षी आणि पिवळ्या-तांबड्या डोळ्यांचे शिक्र्यासारखे पक्षी हे निराळ्या कुळांतले आहेत. किंबहुना पहिल्या वर्गाचें नातें दुसऱ्यापेक्षां पोपटांशीं जवळचें आहे, असें २००८ सालीं प्रसिद्ध झालेल्या आनुवंशिक संशोधनानें दाखविलें. बाजदारानें डोळ्याकडे पाहून केलेला भेद शास्त्रज्ञानें रक्ताकडे पाहून कायम केला, असें म्हणावयास हरकत नाहीं.

फारसी व इतर भाषांतील परंपरा याहून विपुल आहे. अबुल फजलानें आईन-इ-अकबरींत शिकारी पक्ष्यांच्या किंमती व त्यांचा रोजचा शिधा नोंदला आहे. पश्तू कवि व सरदार खुशालखान खटक (१६१३–१६८९) यानें पद्यमय बाजनामा लिहिला. इराणांतील तैमूर मिर्झा याचा बाजनामा-इ-नासिरी फिलट या लष्करी अधिकाऱ्यानें इंग्रजींत उतरून १९०८ सालीं लंडनास छापविला. युरोपांत तेराव्या शतकांतील बादशहा दुसरा फ्रेडरिक यानें या विषयावर लॅटिनमध्यें मोठा ग्रंथ रचिला, आणि अरबी श्येनचिकित्सेचें भाषांतर आपल्या दरबारच्या थिओडोर नांवाच्या पंडिताकडून करवून घेतलें. त्याच्या ग्रंथाची हकीकत संग्राहकांनीं लक्षांत ठेवण्यासारखी आहे. १२४८ च्या फेब्रुवारींत पार्मा शहराच्या वेढ्याच्या वेळीं बादशहा ससाणे घेऊन शिकारीस गेला असतां शहरवासीयांनीं त्याची छावणी लुटली, आणि त्या लुटींत त्याची बहुमोल प्रत गेली. पुढें त्याचा पुत्र मॅनफ्रेड यानें करविलेली दोन भागांची सचित्र प्रत व्हॅटिकनच्या ग्रंथालयांत शिल्लक राहिली. एका प्रतीवर विसंबणें किती धोक्याचें, याचें याहून बोलकें उदाहरण क्वचितच सांपडेल.

(३)

या विद्येंत खरोखर सार किती होतें, हा प्रश्न साहजिक आहे. बाजनाम्यांतील औषधांच्या याद्या वाचून आधुनिक वैद्य हंसेल, आणि कित्येक ठिकाणीं त्याचें हंसणें रास्तही असेल. परंतु औषधें बाजूस ठेवून शुश्रूषेची पद्धति पाहिली तर निराळाच प्रकार दिसतो.

पहिली गोष्ट अंधार. रानांतील पक्ष्यास माणसाचें दर्शन हेंच मोठें भय होय. पकडलेला पक्षी जखमेनें मरण्यापूर्वीं धास्तीनें मरतो. म्हणून बाजदार त्याच्या डोळ्यांवर चामड्याची टोपी घालीत. ही टोपी आपण अरबांकडून घेतली, असें फ्रेडरिक बादशहानेंच लिहून ठेवलें आहे. आज जखमी घार सांपडली असतां तिला भोंकें पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यांत, अंधाऱ्या व निवांत जागीं ठेवावी, बळेंच पाणी पाजूं नये, असें सांगतात. त्यांतील तत्त्व तेंच आहे.

दुसरी गोष्ट उराचें हाड. पक्षी पिसांनीं फुगलेला असतो, म्हणून नजरेनें त्याचा रोडपणा कळत नाहीं. बाजदार छातीच्या मधल्या हाडावर बोट फिरवून दोन्ही बाजूंचें मांस चांचपीत, आणि त्यावरून खुराक ठरवीत. पक्षिचिकित्सक आज हाच स्पर्श करून अवस्थेचे अंक मांडतात.

तिसरी गोष्ट ओकारी. शिकारी पक्षी भक्ष्याचीं पिसें, केंस व हाडांचे तुकडे गिळतो, आणि न पचलेला भाग गोळी करून तोंडावाटें टाकतो. ही गोळी व विष्ठा पाहून बाजदार प्रकृतीचें निदान करी. पक्ष्यास नुसतें निवडलेलें मांस घालून भागत नाहीं, हें तो अनुभवानें जाणत होता. केवळ मऊ मांसावर वाढलेल्या पिलाचीं हाडें चुन्याच्या अभावीं वांकतात, हें त्याचें आजचें कारण होय.

चवथी गोष्ट पिसांची कलम. पंखाचें मोठें पीस मोडलें तर पुढच्या झडीपर्यंत नवें येत नाहीं, आणि तोंवर पक्षी उपाशी मरतो. यावर उपाय असा कीं, मागील झडींत गळलेलें त्याच जागेचें पीस जपून ठेवावें, मोडक्या पिसाचा देंठ कापून त्याच्या पोकळींत बारीक सुई किंवा काडी बसवावी, आणि तीवर जुनें पीस चढवावें. ही क्रिया आजच्या पक्षिरुग्णालयांतही होते. फक्त चिकटविण्याचें द्रव्य बदललें आहे.

पांचवी गोष्ट सोडण्याची. घरट्यांतून आणलेल्या पिलांस शिकवण्यापूर्वीं उंच जागीं मोकळें ठेवून, ठराविक ठिकाणीं रोज अन्न मांडून, त्यांच्या पंखांत बळ येऊं देण्याची रीत युरोपांतील बाजदारांत होती. पक्षी उडावयास व पारध करावयास शिके, परंतु भूक लागली म्हणजे परत येई. ही रीत पुढें किती उपयोगीं पडली तें खालीं येईल.

एवढें सांगून या विद्येची दुसरी बाजू झांकून ठेवणें सचोटीचें होणार नाहीं. नव्या पक्ष्यास माणसाळविण्यासाठीं त्याच्या पापण्या दोऱ्यानें शिवण्याची चाल याच बाजदारांत होती. पक्षी बरा करावयाचा तो दुसरा पक्षी मारण्यासाठीं. निकामी झालेल्याचा शिधा चालू ठेवण्यास राजाच्या खजिन्यांत सबब नव्हती. जिव्हाळा होता, परंतु तो धन्याचा आपल्या मालमत्तेवरचा जिव्हाळा होता.

(४)

आतां दयेकडे वळूं. अशोकाच्या दुसऱ्या शिलाशासनांत मनुष्यांची व पशूंची, अशी दुहेरी चिकित्सा सुरू केल्याचें सांगितलें आहे. त्याच्या पांचव्या स्तंभशासनांत, राज्याभिषेकाच्या सव्विसाव्या वर्षीं अवध्य ठरविलेल्या प्राण्यांची यादी आहे. तींतील कांहीं नांवांचा अर्थ वादग्रस्त आहे. परंतु ज्या पक्ष्यांचा अर्थ स्पष्ट लागतो ते पोपट, मैना, चक्रवाक, हंस, पांढरीं कबुतरें व गांवकबुतरें हे होत. त्यांत श्येन नाहीं. एका यादीवर मोठी इमारत उभारूं नये हें खरें. तथापि दयेची दृष्टि प्रथम कोणाकडे वळते याचें तें सूचक आहे.

पुढील काळांत गुजराथेंतील महाजनांनीं पांजरपोळांची जी परंपरा चालविली तिला जगांत तोड थोडीच. इटालियन प्रवासी पिएत्रो देल्ला व्हाले यानें १६२३ सालीं खंबायत येथें पक्ष्यांचें रुग्णालय पाहिलें. तेथें त्यास कोंबडीं, कबुतरें, मोर, बदकें व लहान पांखरें दिसलीं. आईबापांविना पोरक्या झालेल्या उंदरांच्या पिलांस एक वृद्ध गृहस्थ पिसानें दूध पाजीत होता. बरे झालेले पक्षी रानटी असल्यास सोडून देत आणि माणसाळलेले असल्यास एखाद्या भाविकाच्या हवालीं करीत, असेंही तो लिहितो. जखमी रानपक्षी बरा करून पुन्हां रानांत सोडण्याच्या आपल्या देशांतील प्रथेचा हा चारशें वर्षांपूर्वींचा स्पष्ट पुरावा होय. पण त्याच्या यादींतही ससाणा किंवा घार नाहीं. मुंबईस १८३२ सालीं भटक्या कुत्र्यांच्या हत्येवरून दंगा झाला, आणि त्यानंतर १८३४ सालीं सर जमशेटजी जीजीभाई व शेट अमीचंद शहा यांच्या पुढाकारानें पांजरपोळ स्थापन झाला. दिल्लीस १९२९ सालीं जैन धर्मीयांनीं पक्ष्यांचें धर्मार्थ रुग्णालय काढलें. १९५७ पासून तें लाल किल्ल्यासमोरील दिगंबर जैन मंदिराच्या आवारांत आहे.

या रुग्णालयापुढें शिबीचाच प्रश्न उभा राहिला. मांसाहारी पक्षी दुसऱ्यांबरोबर ठेवतां येत नाहीं, आणि त्यास मांस घालणें अहिंसाव्रतास बाधक. म्हणून शिकारी पक्ष्यावर येतां-जातां उपचार करावयाचे, मात्र त्यास आंत ठेवून घ्यावयाचें नाहीं, असा दंडक तेथें ठरला. यास निर्दयपणा म्हणणें अन्यायाचें होईल. व्रत पाळणारांनीं आपल्या मर्यादेंत जें करतां येईल तें केलें. परंतु पंखाचें हाड मोडलेल्या घारीस कित्येक आठवडे निवारा व रोज मांस लागतें. तें मिळालें नाहीं म्हणजे मलमपट्टीचा उपयोग थोडाच. दयेला विद्येची आणि विद्येला दयेची उणीव कशी भासली, तें येथें उघड दिसतें.

(५)

ही गांठ प्रथम मोठ्या प्रमाणावर पडली ती उत्तर अमेरिकेंत. शेतांवर फवारलेल्या डीडीटीमुळें बहिरी ससाण्याच्या अंड्यांचीं कवचें पातळ होऊन फुटूं लागलीं, आणि मिसिसिपीच्या पूर्वेस १९६० नंतरच्या दशकांत त्याची वीण नाहींशी झाली. १९७० सालीं कॉर्नेल विद्यापीठांत टॉम केड यांच्या पुढाकारानें पेरेग्रीन फंड ही संस्था निघाली. केड हे स्वतः बाजदार होते. त्यांनीं व त्यांच्या सोबत्यांनीं बंदिवासांत पिलें वाढवून तीं वर सांगितलेल्या जुन्या रीतीनें, उंचावर अन्न मांडून, मोकळीं सोडलीं. अमेरिकेनें १९७२ सालीं डीडीटीवर बंदी घातली होतीच; १९९९ सालीं हा पक्षी संकटग्रस्तांच्या यादींतून काढण्यांत आला. पारधीसाठीं रचलेली विद्या पक्ष्याच्या स्वतःच्या कारणीं लागली, ती अशी.

आपल्या देशांतील उदाहरण दिल्लीचेंच आहे. नदीम शहजाद व महंमद सऊद या दोघां भावांनीं एक जखमी घार रुग्णालयांत नेली असतां ती मांसाहारी म्हणून परत आणावी लागली. तेव्हांपासून त्यांनीं हें काम घरींच आरंभिलें, आणि २०१० सालीं त्यास संस्थेचें रूप दिलें. घारींस मांस टाकणें हें पुण्यकर्म मानण्याची चाल दिल्लीच्या मुसलमानांत आहे. त्या संस्कारांत ते वाढले होते. त्यांच्याकडे येणाऱ्या घारी बहुतांशीं पतंगाच्या मांज्यानें कापलेल्या असतात. कांचेची पूड लावलेला दोरा उडत्या पक्ष्यास दिसत नाहीं, आणि तो पंखाची कातडी, स्नायु व शिरा एका झटक्यांत चिरतो. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानें २०१७ सालीं नायलॉनच्या व अन्य कृत्रिम मांज्यावर देशभर बंदी घातली. तरीही संक्रांतीच्या सुमारास हे अपघात होतच असतात. या बंधूंच्या कार्यावर शौनक सेन यांनीं केलेल्या चित्रपटास २०२२ सालीं कान येथें उत्तम माहितीपटाचें पारितोषिक मिळालें, त्यामुळें त्यांचें नांव सर्वतोमुखी झालें.

(६)

विद्येवांचून दया कधीं कधीं घातकही होते, याचें उदाहरण गिधाडांचें. नाशिक जिल्ह्यांतील टाकेद हें तीर्थ जटायूच्या पतनाचें स्थान म्हणून प्रसिद्ध आहे. रामानें त्या जखमी गृध्राचा अंत्यविधि पित्याप्रमाणें केला, ही आपल्या परंपरेंतील शिकारी जातीच्या पक्ष्यावरील कृतज्ञतेची सर्वांत थोर कथा होय. त्याच जटायूचे वंशज आपल्या डोळ्यांदेखत नाहींसे झाले. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या १९९२ पासून २००७ पर्यंत शेंकडा ९९.९ नें घटली. कारण २००४ सालीं उघडकीस आलें. दुखणाईत गुरांस वेदना कमी व्हाव्यात म्हणून डायक्लोफिनॅक देत. असें गुरूं मेल्यावर त्याचें मांस गिधाडांनीं खाल्लें कीं त्यांचीं मूत्रपिंडें निकामी होत. गाईवरील दया गिधाडास विष झाली. २००६ सालीं सरकारनें गुरांसाठीं हें औषध बंद केलें. हरियाणांत पिंजोर येथें २००१ सालीं सुरू झालेल्या शुश्रूषा केंद्राचें पुढें पैदास केंद्र झालें. तेथील गिधाडें जानेवारी २०२४ मध्यें महाराष्ट्रांत पेंच व ताडोबा येथें, पुढें रानांत सोडण्यासाठीं, आणण्यांत आलीं.

(७)

या सर्वांत हस्तलिखितांच्या संग्राहकांनीं काय करावें? आमच्या मतें पुष्कळ करतां येण्यासारखें आहे. बाजनामा किंवा शिकारनामा हातीं आला असतां तो चित्रांसाठीं ठेवावयाचा व चित्रें नसल्यास बाजूस टाकावयाचा, ही प्रवृत्ति सोडली पाहिजे. असा ग्रंथ सूचींत मृगया या सदराखालीं दडून राहतो. त्याचा वैद्यकाच्या सदराखालींही निर्देश व्हावा. राजवाड्यांच्या अठरा कारखान्यांत शिकारखाना हा एक होता. त्याच्या मोडी जमाखर्चांत मांसाचा शिधा, पक्ष्यांची आवक व मृत्यु, औषधांची खरेदी व बाजदारांचे रोजमुरे यांच्या नोंदी शोधल्या पाहिजेत. त्याचप्रमाणें पांजरपोळांच्या जुन्या वह्यांत कोणते पक्षी आले, किती वांचले व किती सोडले हें पाहिलें पाहिजे. शिकारखान्याची वही आणि पांजरपोळाची वही शेजारीं शेजारीं ठेवून वाचली, तर हा इतिहास आज आहे त्याहून पुष्कळ भरीव होईल. वाळवी व रद्दीवाला यांपैकीं कोणीही आपल्यासाठीं थांबणार नाहीं.

एक इशारा मात्र देणें अवश्य आहे. पोथींतील मात्रा जिवंत पक्ष्यावर करून पाहूं नये, आणि जखमी पक्षी हौसेनें घरीं पाळूं नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वयें तो सरकारची मालमत्ता असून, हातीं आल्यापासून ४८ तासांच्या आंत जवळच्या पोलीस ठाण्यास किंवा अधिकृत अधिकाऱ्यास त्याची खबर दिली पाहिजे. खोकें, अंधार, शांतता आणि लवकर पोंचविणें, एवढेंच सामान्य माणसाचें काम. पुढील काम जाणत्यांचें.

ससाण्यानें राजास विचारलेला प्रश्न अजून सुटलेला नाहीं. परंतु त्यास भूक आहे, त्याचें हाड मोडतें व जुळतें, आणि त्याचें अन्न निराळें आहे, एवढें मान्य करूनच त्याच्यावर दया करावी लागते, हें आपल्या जुन्या बाजदारांनीं लिहून ठेवलें आहे. तें लिखाण जपणें हा त्या दयेचाच एक भाग आहे, असें आम्ही समजतों.